शेरू बकऱ्यांना विहिरीकडे जाऊ देत नाही

सहामाही परीक्षेच्या आधी सातवीच्या वर्गाला मराठीचा निबंध दिला होता. विषय नेहमीचाच, माझा आवडता प्राणी. उर्दू माध्यमाच्या शाळेत जो कुणी मराठी शिकवतो त्याला ठाऊक आहे, या विषयावर हाती काय येतं. एकतीस वह्या आल्या. त्यातल्या अकरा कुत्र्यावर, आणि अकरांपैकी दहांचं पहिलं वाक्य एकच: कुत्रा हा इमानी प्राणी आहे. गाइडमधलं वाक्य. या दहा मुलांपैकी एकाच्याही घरी कुत्रा नाही. गल्लीत कुत्रा दिसला की हातात दगड घेणारीही त्यातलीच काही.

अकरावी वही एका मुलीची. तिचे वडील गावाबाहेर ओढ्याच्या कडेला बकऱ्या पाळतात. तिचं मराठी कच्चं आहे, लिंगाच्या चुका इतक्या की लाल शाई संपावी. पण तिनं लिहिलं होतं ते असं. आमचा शेरू बकऱ्यांना विहिरीकडे जाऊ देत नाही, कारण एकदा एक करडू त्यात पडलं होतं. शेरू सगळ्या बकऱ्यांवर भुंकत नाही, फक्त तांबड्या बकरीवर भुंकतो, कारण ती शिंगं मारते. भाईजाननं बोलावलं तर तो खाली बसून राहतो, कारण भाईजान दगड मारतात. संध्याकाळी बकऱ्या आत गेल्या की तो वाड्याला एक चक्कर मारतो आणि मगच भाकरी खातो.

मी तिला वर्गात सगळ्यात जास्त गुण दिले. शिक्षक-खोलीत एका सहकाऱ्यानं वही चाळली आणि म्हणाले, "बाजी, मुसलमानाच्या घरात कुत्रा, आणि वर त्यालाच पैकीच्या पैकी?" थट्टेतच म्हणाले असतील. पण दुपारी तीच मुलगी दाराशी येऊन उभी राहिली. वर्गातल्या मुलींनी तिला सांगितलं होतं की तिच्या घरात फरिश्ते येत नाहीत. "आपा, वही परत द्या ना. मी सशावर लिहून आणते."

वही मी दिली नाही. मात्र ती रात्र मी मोबाइलवर मेंढ्या वळणाऱ्या कुत्र्यांचे व्हिडिओ बघण्यात घालवली. तिनं लिहिलेलं खरं असू शकतं का, एवढंच पाहायचं होतं. पुढचे कित्येक महिने मी त्याच वाचनात होते. स्कॉटलंडच्या टेकड्यांवरचे मेंढपाळ, ऑस्ट्रेलियातल्या मोठमोठ्या गुरांच्या स्टेशनांवरची माणसं, अमेरिकेतले रँचवाले, सगळे आपल्या कुत्र्यांबद्दल बोलतात ते या सातवीतल्या मुलीसारखंच. इमानी प्राणी वगैरे कुणी म्हणत नाही. हा डावीकडून नीट जातो, उजवीकडून जवळ घसरतो. ही माझ्या मुलाचं ऐकत नाही. तो म्हाताऱ्या मेंढीला घाबरतो पण बैलाला घाबरत नाही. असं बोलतात.

आधी मराठीतल्या एका शब्दाबद्दल. आपण गुरं राखतो आणि गुरं वळतोही. या दोन क्रिया वेगळ्या आहेत, आणि कुत्र्यांच्या बाबतीत हा फरक फार मोठा आहे. आपल्याकडच्या धनगरांच्या कळपाबरोबर असतो तो राखणीचा कुत्रा. रात्री वाड्याभोवती लांडगा आला की अंगावर जाणारा. तुर्कस्तानातला कंगाल, जम्मू-काश्मीरच्या बकरवालांचा कुत्रा, हेही राखणीचेच. (बकरवाल मुसलमान आहेत आणि तुर्कस्तानातले बहुतेक मेंढपाळही. हे आमच्या शिक्षक-खोलीत सांगायचं राहून गेलं.) मेंढ्यांना हाकणं हे यांचं काम नाही. पिल्लू असल्यापासून ते कोकरांमध्ये वाढतं, तिथंच झोपतं, तिथंच रमतं. रँचवरचा कुत्रा मात्र वळणारा. तो कळपात राहत नाही, कळपाला बाहेरून दाबतो. शेरू थोडा हा, थोडा तो असावा, गावठी कुत्री अशीच असतात.

वळणारा कुत्रा मुळात काय करतो? लांडग्याची शिकार ही एक साखळी आहे. हेरणं, डोळा रोखणं, दबकत पुढे सरकणं, पाठलाग, पकडणं, मारणं, फाडणं. रेमंड आणि लोर्ना कॉपिंजर या अमेरिकन अभ्यासक जोडप्यानं हे फार सोप्या रीतीनं मांडलं आहे. माणसानं पिढ्यान्‌पिढ्या निवड करून ही साखळी मध्येच तोडली. बॉर्डर कॉली डोळा रोखतो, दबकत येतो, धावतो, आणि तिथं थांबतो. ऑस्ट्रेलियातला कॅटल डॉग, ज्याला हीलर म्हणतात, एक कडी पुढे जातो: गुराच्या टाचेला चावतो आणि लाथ यायच्या आत जमिनीला चिकटतो. राखणीच्या कुत्र्यात ही साखळी जवळजवळ सुरूच होत नाही. म्हणजे मेंढपाळाच्या हाताशी असतो तो अर्धा शिकारीच. मेंढीलाही ते कळतं, म्हणून तर ती हलते.

यातला डोळा हा प्रकार मला सगळ्यात विलक्षण वाटला. तिकडचे मेंढपाळ म्हणतात, या कुत्र्याला डोळा आहे, त्याला नाही. डोळा असलेला कुत्रा मान खाली, पुढचा पाय हवेत, अशा अवस्थेत मेंढीकडे बघत राहतो आणि न भुंकता, न चावता शंभर मेंढ्या मागे सरकतात. पण हाच गुण जास्त झाला की कुत्रा अडकतो. मेंढी थांबली की तोही थांबतो, मग शिट्टी वाजवा नाहीतर हाका मारा, तो जागचा हलत नाही. अशा कुत्र्याला ते चिकट म्हणतात. उलट ज्याचा डोळा ढिला असतो तो मोठ्या कळपात कामाचा, कारण तो एका मेंढीवर खिळत नाही. गुण आणि खोड एकच, प्रमाण तेवढं वेगळं.

इंग्लंडच्या नॉर्थंबरलंडमध्ये ॲडम टेल्फर नावाचा एक शेतकरी होता. त्याच्याकडे रॉय नावाचा कुत्रा होता, मोकळ्या स्वभावाचा, माणसाळलेला, पण डोळा नसल्यातच जमा. आणि मेग नावाची कुत्री, डोळा जबरदस्त पण अतिशय बुजरी. या दोघांचा मुलगा हेम्प, जन्म 1893. आज जगात जितके बॉर्डर कॉली आहेत त्यांच्या वंशावळी मागं मागं नेल्या तर जवळपास सगळ्या या हेम्पपाशी येतात. तो शांत होता. काम करताना त्याचं अंग थरथरायचं, असं त्याला पाहिलेल्यांनी लिहून ठेवलं आहे. एक बाप डोळ्याविना, एक आई धीराविना. आमच्या शाळेत पालक-सभेला असे आईबाप आले की आम्ही मुलाचं भविष्य तिथल्या तिथं सांगून मोकळे होतो.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. न्यूझीलंडचा हंटअवे डोळ्यानं नाही, भुंकून काम करतो. चढाच्या रानात मेंढपाळ खाली आणि मेंढ्या वर, तिथं आवाजच लागतो. ऑस्ट्रेलियाचा केल्पी दाटीवाटीच्या कोंडवाड्यात सरळ मेंढ्यांच्या पाठीवर चढतो आणि पाठीपाठीवरून पळत पुढच्या तोंडाशी जातो. हे दृश्य पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी घरात एकटीच मोठ्यानं हसले.

आता हुकमांबद्दल, कारण इथं मी शिक्षिका म्हणून अडकले. हुकूम फार थोडे असतात. घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं जा, उलट्या दिशेनं जा, झोप, पुढे ये, पुरे. कुत्रा लांब गेला की हेच शिट्टीतून. 1873 मध्ये वेल्समधल्या बाला गावी मेंढ्या वळणाऱ्या कुत्र्यांची पहिली मोठी स्पर्धा झाली, तेव्हापासून या कलेचे गुण मोजले जातात. नवख्या माणसाला वाटतं की जो कुत्रा प्रत्येक हुकूम ऐकतो तो उत्तम. जाणते मेंढपाळ तसं मानत नाहीत. माणूस दरीत उभा आहे, कुत्रा टेकडीपलीकडे. पलीकडे दोन मेंढ्या खड्ड्याच्या काठाला आहेत हे माणसाला दिसत नाही, कुत्र्याला दिसतं. शिट्टी म्हणते डावीकडे, कुत्रा जातो उजवीकडे, आणि कळप वर येतो तेव्हा माणसाच्या लक्षात येतं की चूक कुणाची होती. अशा वेळी जो कुत्र्याला मारतो त्याचा कुत्रा पुढच्या वेळी खाली बसून राहतो. भाईजानच्या शेरूसारखा.

मी वीसेक वर्षं शिकवते आहे. वर्गात हुकूम न ऐकणाऱ्या मुलांपैकी किती जणांना मला न दिसलेला खड्डा दिसत होता, याचा हिशेब माझ्याकडे नाही. तो ठेवला असता तर फारसा माझ्या बाजूनं लागला नसता.

भाषेचा एक किस्साही सांगायलाच हवा, दोन भाषांमध्ये ये-जा करणाऱ्या माणसाला तो सोडवत नाही. 1855 मध्ये न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर जेम्स मॅकेन्झी नावाच्या एका स्कॉटिश माणसाला लेव्हल्स नावाच्या स्टेशनावरच्या हजार मेंढ्यांसह पकडण्यात आलं. माणूस एक, कुत्रा एक, मेंढ्या हजार. लोक सांगतात की कुत्र्याचं नाव फ्रायडे, आणि त्याला फक्त गेलिक भाषेतले हुकूम कळत, त्यामुळे मालक तुरुंगात गेल्यावर तो इंग्रजी बोलणाऱ्यांच्या काहीच उपयोगाचा राहिला नाही. यात दंतकथा किती ते सोडून देऊ. त्या प्रदेशाला आज त्या माणसाचंच नाव आहे, आणि टेकापो सरोवराच्या काठी मेंढ्या वळणाऱ्या कुत्र्याचा ब्राँझचा पुतळा उभा आहे. इंग्रजी न कळणाऱ्या त्या कुत्र्याला निर्बुद्ध मात्र कुणी म्हटलं नाही. हे मला महत्त्वाचं वाटतं, कारण मराठी न येणाऱ्या आमच्या मुलांना लोक तसं सहज म्हणतात.

शब्दांचं म्हणाल तर अमेरिकेतल्या चेसर नावाच्या बॉर्डर कॉली कुत्रीला 1022 खेळण्यांची नावं ओळखता येत होती. जॉन पिली या निवृत्त मानसशास्त्राच्या प्राध्यापकानं तिला रोज तासन्‌तास शिकवलं आणि 2011 मध्ये त्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. वर्तमानपत्रांनी लगेच तिला जगातली सर्वात हुशार कुत्री करून टाकलं. माझ्या नजरेत भरले ते मास्तर. सत्तरी ओलांडलेला माणूस रोज एकाच विद्यार्थिनीबरोबर बसतो. असा मास्तर मिळाला तर आमच्या सातवीतले निम्मे चेसर होतील.

आणि इथंच मला मुख्य गोष्ट म्हणायची आहे. 2022 मध्ये सायन्स या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. अठरा हजारांहून जास्त कुत्र्यांच्या मालकांना त्यांच्या वागण्याबद्दल प्रश्न विचारले होते आणि दोन हजारांहून अधिक कुत्र्यांची जनुकं तपासली होती. निष्कर्ष असा, की एखाद्या कुत्र्याचं वागणं दुसऱ्यापेक्षा वेगळं का, याचं उत्तर जातीवरून सरासरी फक्त 9 टक्के मिळतं. माणसाचं ऐकण्याची तयारी यासारख्या काही बाबतींत जातीचा वाटा थोडा मोठा आहे, आणि वळणारी कुत्री तिथं पुढे आहेत, हे खरं. पण एकाच जातीच्या दोन कुत्र्यांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. मेंढपाळाला हे सांगायला सायन्स लागत नाही. एका विणीतल्या सहा पिल्लांपैकी एक पहिल्याच दिवशी मेंढ्यांना वळसा घालतं, एक वर्षभर नुसतं बघत बसतं आणि मग एक दिवस उठून कामाला लागतं, एक कधीच लागत नाही आणि चुलीपाशी म्हातारं होतं.

शहरात मात्र जात पाहून कुत्रा घेतात. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये आता बॉर्डर कॉली दिसतात. हुशार म्हणून घेतलेले. मेंढी नाही, रान नाही, बाहेर नेणार दिवसातून दोनदा, वीस मिनिटं. मग तो सोसायटीतल्या सायकली वळतो, लहान मुलांना कोपऱ्यात गोळा करतो, पळत्या मुलाच्या टाचेला तोंड लावतो, भिंतीवरच्या सावल्यांकडे डोळा रोखून बसतो. मालक म्हणतात, याला खोड आहे. खोड कसली, ते त्याचं काम आहे, फक्त समोर मेंढी नाही.

आणि दुसरीकडे आम्ही. आमच्याकडे कुत्रा म्हटलं की जातही पाहायची गरज नाही, सगळेच नापाक. फ्लॅटवाला लेबल पाहून घेतो, आम्ही लेबल पाहून हाकलतो. कुत्रा दोघांनीही पाहिलेला नसतो. मी बी.एड. करत होते तेव्हा शहरात खोली शोधायला गेले होते. घरमालकीण बाईंनी खोली दाखवली, भाडं ठरलं, चहा झाला. मग नाव विचारलं. नाव ऐकल्यावर त्यांना आठवलं की खोली पुतण्याला द्यायची आहे. त्या वाईट बाई नव्हत्या. पण नऊ टक्क्यांवरून उरलेले एक्क्याण्णव ठरवण्याची सवय मला तेव्हापासून ओळखू येते, समोरच्यातली आणि आमच्यातलीही.

धर्माचं म्हणाल तर जे मला शिकवलं गेलं ते असं. विनाकारण कुत्रा पाळणाऱ्याच्या पुण्यातून रोज एक कीरात कमी होतो, ही हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. पण त्याच हदीसमध्ये अपवादही आहे: शिकारीचा, शेतीचा आणि जनावरांच्या कळपाचा कुत्रा. हा अपवाद कुणा सुधारकानं मागाहून घातलेला नाही. प्रत्येक पैगंबरानं मेंढ्या-बकऱ्या चारल्या, असं सांगणारी हदीसही आपल्याकडे आहे. ज्या वस्तीत कळप होते तिथल्या माणसांना कुत्र्याचं काम सांगावं लागत नव्हतं. फरिश्त्यांची हदीस आहे, नाही असं नाही. पण अल्-खत्ताबींसारख्या जुन्या आलिमांनी तिचा अर्थ असा लावला की ती पाळायला मनाई असलेल्या कुत्र्यांबद्दल आहे. इमाम नववींना तो पटला नाही, तेही नोंदवायला हवं. कोकणातले आपले शाफई भाऊ कुत्र्याचं सगळं अंग नापाक मानतात, आम्ही हनफी प्रामुख्यानं त्याची लाळ, आणि मालिकी मजहबमध्ये तर कुत्रा पाकच धरला आहे. शेरूची लाळ कपड्याला लागली तर त्या मुलीनं कपडा धुवावा आणि नमाज पढावी. तिच्या घरी तसंच करतात, मी विचारलं आहे. एवढा मतभेद ज्या प्रश्नावर हजार वर्षं सभ्यपणे चालला, त्याचा निकाल आमच्या सातवीच्या मुलींनी मधल्या सुट्टीत लावून टाकला.

आणि जुम्याला आपण जी सूरह कहफ पढतो, तिच्यात गुहेच्या तोंडाशी पाय पसरून पडलेला कुत्रा आहे. ते तरुण तीन होते की पाच की सात, याबद्दलच्या लोकांच्या तर्कांचा उल्लेख तिथं येतो, आणि प्रत्येक मोजणीत कुत्रा मोजलेला आहे. तोही राखणच करत होता. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला बगदादमध्ये इब्नुल-मर्झुबान नावाच्या विद्वानानं एक अख्खं पुस्तक लिहिलं, ज्याचा विषयच हा की कपडे घालणाऱ्या पुष्कळ जणांपेक्षा कुत्री बरी. आमच्या मदरशांतून आणि शाळांतून या गोष्टी शिकवल्या जात नाहीत असं नाही, पण कुत्र्याची गोष्ट निघाली की त्या आठवत नाहीत, दगड आठवतो.

मी वर्गात यातलं फार काही सांगितलं नाही. त्या मुलीला तिचा निबंध फळ्यापाशी उभं राहून वाचायला लावला, लिंगाच्या चुका दुरुस्त करून. तांबड्या बकरीशी मुली हसल्या. भाईजानशी जास्त हसल्या, कारण भाईजान आमच्याच शाळेत दहावीत आहे. वाचून झाल्यावर मागच्या बाकावरच्या एकीनं विचारलं की मग शेरूला विहीर कशी कळते, तिच्यावर तर कठडाच नाही. तिनं उत्तर दिलं, म्हणूनच. हाच संवाद निबंधात असता तर मी आणखी दोन गुण दिले असते.

दिवाळीच्या सुट्टीत मी तिच्या घरी गेले. ओढ्याकडून पायवाट आहे, ती सरळ वाड्याशी जाते, मी तिनं निघाले. काळा, एक कान मोडलेला, साधाच कुत्रा, कुठल्याही गल्लीत दिसेल असा. तो भुंकला नाही. माझ्या आणि वाटेच्या मध्ये येऊन आडवा उभा राहिला. मी डावीकडे सरकले, तो डावीकडे. मी थांबले, तो थांबला. बुरखा सावरत मी बांधावरून मोठा वळसा घालून गेले, तेव्हा तो बाजूनं चालत राहिला, ना जवळ, ना लांब. दारातून ती ओरडली, "आपा, थांबू नका, तसंच या. तिकडं विहीर आहे."